‘भारतीयांना ही लॉटरी नाहीच’ हे अपुरं आहे

तुमच्या लेखात ‘अमेरिकेची डायव्हर्सिटी व्हिसा लॉटरी (सोडत काढून तिथे कायम राहण्याचा व्हिसा देण्याची योजना) भारतीयांसाठी नाही’ असं सरसकट म्हटलंय, ते दुरुस्त करा. तिथे पासपोर्ट कुठल्या देशाचा ते नाही, जन्मदेश बघतात. माझी ताई कुवेतमध्ये जन्मली आणि 2017 च्या मे महिन्यात तिची निवड झाली. वाशी-नेरुळमध्ये आखातात जन्मलेली कितीतरी मुलं आहेत, त्यांनी हे वाक्य वाचून नाद सोडून दिला तर वाईट वाटेल.

आणि निवड म्हणजे व्हिसा नव्हे, हे ठळक अक्षरांत हवं होतं. व्हिसे साधारण 55 हजार, निवडतात त्याहून बरेच जास्त. निवड झाल्यावर मिळणारा क्रमांक, म्हणजे केस नंबर, मोठा असला की मुलाखत उशिरा येते, आणि 30 सप्टेंबरनंतर सगळंच रद्द. आमचं घोडं अडलं जन्मदाखल्यावर. 1990 साली इराकने कुवेत घेतल्यावर बाबा एका बॅगेनिशी अम्मानमार्गे परतले होते. त्या बॅगेत घडीवर फाटत आलेला अरबी दाखला होता, म्हणून निभावलं. पण भाषांतरात बाबांचं नाव एक, ताईच्या पासपोर्टवर दुसरं! ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर प्रतिज्ञापत्रासाठी मी स्वतः तीन खेपा घातल्या. वाशीच्या एजंटाने तर ‘लग्न झालंय हे फॉर्मवर नका लिहू’ असा सल्ला दिला होता. ऐकलं असतं तर ताई मुलाखतीतच बाद झाली असती. अर्जाच्या वेळी असलेला नवरा किंवा मूल लपवलं की केस संपते. कृपया एवढं तरी लेखात घाला.