‘व्हायरल करा, पुरावा आयता मिळेल’ या दाव्याला उत्तर

“संशयिताचा फोटो, नाव, नंबर व्हायरल करा. गुन्हेगार असेल तर पोलिसांना पुरावा आयता मिळेल, निर्दोष निघाला तर पोस्ट डिलीट करू.” मोठा गुन्हा घडला की या आशयाचे मेसेज फिरू लागतात. त्यामागचा संताप खरा आहे, पण दावा साफ चुकीचा आहे.

‘पुरावा आयता मिळेल’: उलट हातचा जातो. साक्षीदाराला अनोळखी असलेल्या आरोपीला नेताना पोलीस त्याचं तोंड झाकतात ते त्याची अब्रू राखायला नव्हे. पुढे ओळख परेड व्हायची असते. त्याच्यासारख्याच वयाच्या, बांध्याच्या माणसांत त्याला उभं करून साक्षीदाराला ओळखायला सांगतात. फोटो साक्षीदाराच्या मोबाइलवर आधीच पोचला असेल, तर बचावाचा वकील उलटतपासणीत विचारणारच: “गुन्ह्याच्या वेळी पाहिलं, की व्हॉट्सॲपवर?” परेडचं वजन तिथेच जातं. शिवाय पोस्ट पडली की संशयित सावध होतो, अकाउंट आणि चॅट उडवतो. मग आपल्याकडे उरतो कापलेला स्क्रीनशॉट, ज्यात प्रोफाइलची लिंकही नसते. त्यामुळे मूळ चॅट फोनमध्येच राहू द्या, पूर्ण लिंक, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. कोर्टात अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, द्यावी लागते.

बालकावरच्या लैंगिक गुन्ह्यात शाळा किंवा घराचा फोटो टाकला तर पीडित मुलाचीच ओळख फुटते. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ खाली अशी ओळख फोडणाऱ्याला किमान सहा महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘डिलीट करू’: १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा होता. त्यातला मूल परत आणून सोडल्याचा भाग कुणीतरी कापला होता. पाच जीव गेल्यावर काय डिलीट करणार?

‘पोलीस तक्रारच घेत नाहीत’: ही तक्रार अनेकदा खरी असते, पण तिला कायद्यात वाट आहे. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ नुसार दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करा. नोंद नाकारली तर तीच माहिती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते.