बेळगावच्या काळ्या दगडात पॉर्फिरी तांबं का नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

पॉर्फिरी तांबं-सोन्यावरच्या (म्हणजे अख्ख्या खडकभर बारीक विखुरलेल्या साठ्यांवरच्या) लेखाखाली तुम्ही लिहिलंय : "टनाला पाच किलो तांबं आणि अर्धा ग्रॅम सोनं, याला साठा म्हणायचं? आणि तांबं ज्वालारसातूनच येत असेल तर निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळा लाव्हाचाच दगड आहे की. आमच्या विहिरीच्या खोदाईत हिरवा दगड निघालाय. सीमाभाग म्हटला की तुम्हीसुद्धा हात झटकता."

पाच किलोचं आधी उरकतो. चिली किंवा अमेरिकेतल्या मोठ्या खाणी दिवसाला लाख टनांच्या वर दगड फोडतात. लाख टनांत पाचशे टन तांबं झालं. सोन्यासाठी वेगळा खटाटोप फारसा नाही. ते बरंचसं चाल्कोपायराइट आणि बोर्नाइट या तांब्याच्याच खनिजांत बारीक कणांनी दडलेलं असतं. दगड दळून तांब्याचं खनिज फेसावर तरंगवलं की सोबत येतं. जगातलं जवळपास तीन चतुर्थांश तांबं असल्याच 'हलक्या' दगडातून निघतं.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र नीट उत्तर देण्याजोगा आहे. ज्वालारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, आपल्याकडेही होता, मग तांबं का नाही? कारण तांबं गोळा करतं ते ज्वालारसातलं पाणी. अँडीजमध्ये किंवा न्यू गिनीत समुद्रतळ दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो, त्याच्यासोबत पाणी खोल जातं आणि तिथला ज्वालारस पाणी, गंधक, क्लोरीन पोटात घेऊनच वर चढतो. जमिनीखाली काही किलोमीटरवर तो अडकतो आणि थिजायला लागतो. मग गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तेच होतं : दाब उतरला की विरघळलेलं ते सगळं फसफसून बाहेर पडतं. हे तापलेलं खारं पाणी तांबं-सोनं घेऊन निघतं, वरचा खडक तडकवतं, आणि तापमान चारशे अंशांच्या आसपास उतरलं की त्या हजारो बारीक फटींत क्वार्ट्झबरोबर तांब्याची सल्फाइडं (तांबं-गंधकाची खनिजं) बसतात. जाडजूड शीर नसतेच, सगळा खडकच जाळीदार.

जाता जाता ते पाणी खडकाचा रंगही पालटतं. गाभ्यात काळसर बायोटाइट, गुलाबी फेल्डस्पार आणि मॅग्नेटाइट हे लोहचुंबकी खनिज. सोनं जास्त असलेल्या साठ्यांत मॅग्नेटाइट बहुधा भरपूर सापडतो. त्याच्यावर नि भोवती पांढुरका सेरिसाइट (बारीक अभ्रक), पायराइटने म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजाने भरलेला. सगळ्यांत बाहेर हिरवा पट्टा, क्लोराइट आणि एपिडोटचा, ज्यात तांबं नावालाच. म्हणजे खऱ्या साठ्यावरसुद्धा नुसत्या हिरव्या रंगामागे गेलात तर कडेलाच फिरत राहाल. शोधणारे आधी बघतात तो पायराइट गंजून झालेला तांबूस-पिवळा माथा.

आपला दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या ज्वालारसात पाणी कमी, आणि तो भेगांतून थेट वर येऊन पसरला. तांबं त्यात आहे, पण टनाला शंभर-दोनशे ग्रॅम, सगळीकडे विखुरलेलं. ते एका जागी आणणारं कोणी नव्हतं.

तुमचा हिरवा दगड बहुधा सेलॅडोनाइट असावा. काळ्या दगडातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांना आतून निळसर-हिरवं अस्तर लागलेलं असतं, नखाने खरवडलं तर मातीसारखं सुटतं. रंग लोहाचा, तांब्याचा नाही. खात्री हवी असेल तर मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, काचेच्या वाटीत त्याच्या चुऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. फसफसलं म्हणून हुरळू नका, शेजारचा कॅल्साइटही फसफसतो. त्यात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा बुडवा. तांबं असेल तर खिळ्यावर लालसर थर चढतो.

उपेक्षेचं म्हणाल तर रस्ते आणि शाळांच्या बाबतीत मीही तुमच्याच बाजूला उभा आहे. खनिजाच्या बाबतीत नाही. याच काळ्या दगडाचा जांभा होताना त्यात बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) साठला आणि तो कोणी सोडला नाही. बेळगावात त्यावर ॲल्युमिनाचा कारखाना कधीचाच चालू आहे. सोनंही काही लांब नाही. गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत जालगार लोक पूर्वी वाळू धुऊन सोनं काढायचे. पण ते अतिप्राचीन धारवाडी खडकांतल्या क्वार्ट्झ शिरांचं, जात निराळी. इतक्या जुन्या प्रदेशात पॉर्फिरी साठे कधी झाले असले तरी टिकणं अवघड, कारण ते उथळ जागी तयार होतात आणि वरचा डोंगर झिजला की तेही झिजून जातात. म्हणून जगातले बहुतेक साठे भूशास्त्राच्या हिशेबाने तरुण आहेत. इंडोनेशियातलं ग्रासबर्ग तर जेमतेम 30 लाख वर्षांचं.

खरं सांगू का, तुम्ही मध्य प्रदेशातल्या मलांजखंडचं नाव काढलं असतंत तर मला जास्त जड गेलं असतं. तिथलं तांबं ग्रॅनाइटमध्ये आहे, वय सुमारे 250 कोटी वर्षं, आणि त्याला पॉर्फिरी म्हणावं की नाही यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतायत.