घर्षणांक 0.12 घाला आणि विसरा? नाही, विसरू नका

आपल्या नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या प्रेस शॉपवाल्यांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय: "ड्रॉसाठी घर्षणांक 0.12 घाला, बाकी सॉफ्टवेअर बघेल. पत्रा फाटला तर तेल वाढवा. घर्षण मोजणं हे कॉलेजवाल्यांचं काम." ड्रॉ म्हणजे पंचाने पत्रा डायमध्ये ओढून वाटीसारखा आकार देणं; घर्षणांक म्हणजे घर्षणाची ओढ दाबाच्या किती पट, तो आकडा. मेसेजच्या तिन्ही वाक्यांनी नुकसान होतं, म्हणून हे लिहितोय.

0.12 हा आकडा हवेतला नाही, हे आधी मान्य करतो. तेल लावलेल्या साध्या स्टीलच्या पत्र्याला 0.10 ते 0.15 धरतात, आणि दोन डिझाइनची ढोबळ तुलना त्यावर होते. पण पत्रा फाटेल की नाही, हे त्यावरून ठरवू नका. हिशोबच करू. ब्लँक होल्डरचा, म्हणजे पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या रिंगचा, जोर 20 टन. घर्षण पत्र्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे 0.12 ने ओढ 4.8 टन. पुढे पत्रा डायच्या रेडियसवरून काटकोनात वळतो. खांबाला दोराचा वेढा दिला की पकड वाढते, तशी तिथे ओढ 1.21 पट होते: 5.8 टन. आता 0.18 धरा. 7.2 टन, वळणावर 1.33 पट, म्हणजे 9.6 टन. घर्षणांक दीडपट झाला, ओढ त्याहून जास्त वाढली. वाकवण्याचा जोर यात धरलेलाही नाही, आणि हे सगळं पत्र्याच्या उभ्या भिंतीने सोसायचं आहे.

0.12 चा 0.18 होतो कसा? घर्षणांक एकट्या पत्र्याचा नसतो. पत्रा, तेल, डायचं पॉलिश, दाब, वेग आणि तापमान मिळून तो ठरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो, वर सलग स्ट्रोकने डाय तापते. 25 वरून 45 अंशांवर जाताना खनिज तेलाचा घट्टपणा निम्म्याहून कमी होतो. तेलाचा थर पातळ झाला की पत्र्याचे बारीक उंचवटे डायला थेट भिडतात. सकाळी बरा चाललेला पार्ट दुपारी फाटू लागला, तर कॉइलला, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीला, दोष देण्याआधी डायचं तापमान बघा.

"तेल वाढवा" हा सल्ला अर्धाच खरा. फ्लँजवर (ब्लँक होल्डरखालच्या कडेवर) आणि डायच्या रेडियसवर घर्षण कमीच हवं. पंचावर मात्र ते आपल्या बाजूने काम करतं: पंचाच्या नाकाशी पत्रा धरून ठेवतं, तिथलं ताणणं रोखतं. सगळीकडे सरसकट तेल ओतलं की तीच पकड सुटते, पंचाच्या रेडियसपाशी पत्रा पातळ होतो, आणि आपण आणखी तेल ओततो.

मोजणं अवघड नाही. आपल्याच पत्र्याची पट्टी, आपलंच तेल, डायच्याच स्टीलचे तसेच घासलेले दोन ठोकळे. ठोकळ्यांमध्ये पट्टी ठरावीक जोराने दाबायची आणि यूटीएमवर, म्हणजे ओढून जोर मोजणाऱ्या यंत्रावर, ओढायची. ओढीला दाबाच्या दुपटीने भागलं की घर्षणांक मिळाला. पिन-ऑन-डिस्कचा, म्हणजे फिरत्या चकतीवर पिन घासून घेतलेल्या चाचणीचा, आकडा इथे उचलू नका. तिथे पिन त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा घासते, ड्रॉमध्ये दर स्ट्रोकला कोरा पत्रा येतो.

ड्रॉबीडसाठी (आत सरकणाऱ्या पत्र्याला आवरणाऱ्या कंगोऱ्यासाठी) जनरल मोटर्समधल्या एच. डी. नाइन यांची 1978 ची युक्ती मला फार आवडते. पट्टी आधी फिरत्या रोलर्सवरून ओढायची, मग तशाच पण न फिरणाऱ्या बीडवरून. पहिल्यात जोर जवळजवळ फक्त वाकवण्याचा, दुसऱ्यात वाकवणं अधिक घर्षण. वजाबाकी केली की घर्षण वेगळं हाती येतं.

पट्टी दोन-तीन दाबांवर ओढा. दाब फार वाढला की उंचवटे सपाट होतात आणि घर्षणांक बहुधा उतरतो, म्हणून एकाच दाबाचं माप पुरत नाही. आणि प्रत्येक मापाशेजारी त्या वेळचं तापमान लिहा.