कंटेनर म्हणजे छोटं मशीन नव्हे, राजेहो

मिहान आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन. सीपीयूची रिक्वेस्ट लिहिली की तेवढा सीपीयू आपलाच. लिमिट लावली की शेजाऱ्याचा त्रास शून्य. बाकी सगळं कुबरनेटिसचा शेड्यूलर बघतो." मुलाखतीला जाणारे हे पाठ करून जातात, म्हणून लिहितोय. (कंटेनर म्हणजे लागणाऱ्या फाइलींसकट वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्रॅम, कुबरनेटिस म्हणजे असे कंटेनर अनेक मशीनांवर चालवणारं सॉफ्टवेअर. रिक्वेस्ट म्हणजे कंटेनरसाठी मागितलेला वाटा, लिमिट म्हणजे कमाल मर्यादा.)

शेवटून सुरू करू. टास्क, म्हणजे कंटेनरातलं काम, कुठल्या नोडवर (मशीनवर) बसवायचा एवढंच शेड्यूलर ठरवतो, तेही रिक्वेस्टची बेरीज करून. मशीनवर प्रत्यक्ष भार किती, हे तो एरवी बघतही नाही. त्यामुळे सीपीयू निवांत असतानाही नोड 'भरलेला' ठरतो आणि पॉड (एकत्र बसवायच्या कंटेनरांचा गठ्ठा) पेंडिंगमध्ये लटकतो. टास्क बसल्यावर लगाम लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सीग्रुपच्या हाती जातो. कुठल्या प्रोसेसला किती सीपीयू-मेमरी, हे सीग्रुप आवरतो. ही सोय गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये हाती घेतली आणि २००८ मध्ये ती २.६.२४ कर्नलमध्ये आली.

रिक्वेस्टचा सीपीयू 'आपलाच' नसतो. तिचं कर्नलसाठी फक्त वजन होतं, आणि ओढाताण सुरू झाली तरच ते मोजलं जातं. तुमचा टास्क रिकामा बसला तर त्याचा वाटा दुसरा खुशाल वापरतो.

लिमिटचा गैरसमज मात्र महागात पडतो. समजा अर्ध्या सीपीयूची लिमिट आहे. म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद. प्रोग्रॅमचे चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे धागे) एकदम चार कोरांवर धावले, तर हा कोटा साडेबारा मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले साडेसत्याऐंशी सगळे थ्रेड गप्प! डॅशबोर्डवर सरासरी सीपीयू कमीच दिसतो, आणि आपण दिवसभर डेटाबेसला शिव्या घालत बसतो. सीग्रुपच्या सीपीयू-स्टॅट फाइलमधला थ्रॉटलिंगचा, म्हणजे असं थांबवल्याचा आकडा बघा, तिथे चोर सापडतो. मेमरीचं तसं नाही. तिथे थांबवणं नाही, लिमिट ओलांडली की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर थेट टास्क मारतो. मागे खूण उरते ती एक्झिट कोड १३७.

शेजाऱ्याचा त्रासही पुरता जात नाही. एल-थ्री कॅश (कोरांची सामायिक वेगवान मेमरी) आणि मेमरी बँडविड्थ (मेमरीशी देवाणघेवाणीचा वेग) सीपीयूच्या लिमिटने वाटून मिळत नाहीत.

राहिलं 'छोटं मशीन'. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो, एका नोडवरच्या साध्या कंटेनरांचा मात्र सगळ्यांचा एकच. जुनं जावा ८ तर कंटेनरची लिमिट ओळखायचंच नाही. ६४ जीबीच्या नोडवर ते हीपची (जावाच्या डेटाच्या मेमरीची) कमाल १६ जीबी धरायचं, मग कंटेनरला २ जीबी का असेना. अनोळखी लोकांचा कोड चालवायचा असेल तर जीव्हायझर किंवा काटा कंटेनर्स ही कंटेनरभोवती जास्तीचं कुंपण घालणारी साधनं वापरा. काटामध्ये खरोखरच वेगळा कर्नल मिळतो.