हॉटेलात जेवलो, यात चुकलं काय?

गेल्या आठवड्यात आईनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'काल सगळे हॉटेलात जेवलो.' त्यावर भाच्यानं आजीला सुनावलं: 'हॉटेल म्हणजे राहायची जागा. जेवतात ते रेस्टॉरंट. परदेशात असं बोललीस तर लोक हसतील.' मग त्यावर वादच पेटला. एका चुलतभावानं 'उपाहारगृह' म्हणा असा आग्रह धरला. पाटीवर ते ठीक आहे, पण एसटी थांबल्यावर 'चला, उपाहारगृहात जाऊ' असं कोण म्हणतं?

मला खटकलं ते 'परदेशात'. कुठल्या परदेशात?

मी मेलबर्नला राहतो. आमच्या ट्रामच्या रस्त्यावर नाक्यानाक्यावर हॉटेलं आहेत, म्हणजे पब. शुक्रवारी ऑफिस सुटलं की तिथेच जातो. पार्मा म्हणजे चीज घातलेलं तळलेलं चिकन, एक पॉट म्हणजे बिअरचा ग्लास, समोर टीव्हीवर फूटी, म्हणजे इथला फुटबॉल. झोपायला तिथे कुणी जात नाही. दारूच्या परवान्यासाठी पूर्वी मुक्कामाच्या खोल्या ठेवाव्याच लागत. पुढे बहुतेक ठिकाणी खोल्या बंद झाल्या, नाव तेच राहिलं. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरचं यंग अँड जॅक्सन हॉटेल १८६१ पासून चालू आहे, आणि 'हे कसलं हॉटेल' असं म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही.

फ्रान्समध्ये तर 'ओतेल द व्हिल' म्हणजे नगरपालिकेची इमारत आणि पॅरिसचं 'ओतेल दिय' म्हणजे नोत्र दामजवळचं जुनं इस्पितळ. केनियात 'होटेली' म्हटलं की चहा-चपाती मिळणारी साधी खानावळ. चीनमध्ये पेइचिंगच्या नामांकित हॉटेलाचं नावच 'पेइचिंग फानत्येन'. फान म्हणजे भात, जेवण. त्येन म्हणजे दुकान. एवढी मोठी भाषा मुक्कामाच्या जागेला जेवणाचं दुकान म्हणते, मग आईच्या एका वाक्यावर एवढा गदारोळ कशाला?

शिवाय मराठीत गोंधळ होतोच कुठे? 'हॉटेलात उतरलो' म्हणजे मुक्काम, 'हॉटेलात गेलो' म्हणजे खाणं. क्रियापद सगळं सांगतं. मुक्कामाला लॉज होतं, धर्मशाळा होती, भक्तनिवास होतं. आणि हॉटेल म्हणजे सातारा रस्त्यावरचं ते, जिथे मिसळ अर्धी संपायच्या आत पोऱ्या स्टीलचं भांडं घेऊन येतो, 'रस्सा वाढू का?' विचारतो आणि उत्तराची वाट न बघता वाढतो. त्या जागेला रेस्टॉरंट म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

माझी मुलगी इथेच जन्मली. मी मराठीत 'हॉटेलात जाऊ' म्हटलं की ती डोसा खायच्या तयारीने बूट घालते, इंग्रजीत म्हटलं की पब समजते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

मला एवढा राग का आला, तेही सांगतो. इथे दिवसभर मी जपून बोलतो. मीटिंगमध्ये वाक्य आधी मनात लावून घेतो, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सांभाळतो. इतकी वर्षं झाली तरी ते सुटलेलं नाही. न तपासता बोलता येईल अशी एकच जागा मला उरली आहे, ती म्हणजे घर. तिथेही परदेशाचं नाव घेऊन शब्द तपासले जाऊ लागले, तर मी बोलायचं कुठे?

आईला फोन केला तर म्हणाली, 'आता मी नाही काही लिहीत बाबा, तुम्हा शिकलेल्यांमध्ये.' भाच्याने आजीची माफी मागावी, आणि ती त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर मागावी.