बोटावर चुंबकाचं कलम

कलम बांधता येवो न येवो, त्यावर सल्ला देता येत नाही असा माणूस सिंधुदुर्गात अजून जन्माला यायचाय. मग मीच का मागे राहू? फक्त आपलं कलम हापूसचं नाही. तुमच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक हा खुंट, आणि तीनेक मिलिमीटर व्यासाचं, मिलिमीटरभर जाडीचं निओडिमियमचं चुंबक ही काडी. काडी कातडीखाली सरकवायची, जखम भरू द्यायची, की काही आठवड्यांत सहावं इंद्रिय फुटतं. मिक्सर फिरला, बोटात मुंग्या. विहिरीवरचा पंप सुरू झाला, बोटात मुंग्या. ट्रान्सफॉर्मरजवळ गेलात तर विचारूच नका. वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, तिच्यासोबत बोटातलं चुंबक थरथरतं आणि ते थरथरणं बोटाच्या टोकाच्या मज्जातंतूंना कळतं. एवढंच शास्त्र. बाकी सगळी हौस.

अमेरिकेत हे उद्योग करणारे स्वतःला ग्राइंडर म्हणवतात. आपल्याकडे ग्राइंडर ओल्या खोबऱ्याचं वाटप काढतो. बोट आत गेलं तर तोही शरीरात बदल घडवतोच, आणि तेही फुकटात.

तुम्हाला सहावं इंद्रिय हवंच, यात मला शंका नाही. पहिली पाच तुम्ही कधीच निकामी केलीत. अढीतला आंबा वासावरून ओळखणं तुम्हाला येत नाही. कल्ला उचलून बांगडा पारखायचा म्हटलं की तुम्ही कोळणीच्या तोंडाकडे बघता, आणि तिने ‘ताजो आसा’ म्हटलं की पिशवी पुढे करता. वारा फिरला हे तुम्हाला मोबाईल सांगतो, तोही पाऊस पडून गेल्यावर. अशा माणसाने उगाच पाच इंद्रियं दुरुस्त करत बसण्यापेक्षा एक नवंकोरं घेतलेलं काय वाईट?

आणि हे इंद्रिय काही निसर्गाविरुद्ध नाही बरं. आपल्या मोरीलाच, म्हणजे शार्क माशालाच बघा. तिच्या तोंडावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून तिला पाण्यातली विजेची अगदी बारीक चाहूल लागते. वाळूत दडलेला मासासुद्धा ती त्यावरून शोधते. जन्मजात, बिनटाक्याचं सहावं इंद्रिय. एवढं असून तिचं शेवटी मटण होतं, हा भाग सोडून द्या.

कुणी विचारलं की हे खूळ कुठून आलं, तर तारीख तोंडावर असू द्या. ज्या १९९८ साली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग धावायला लागली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठाच्या केविन वॉरविक या प्राध्यापकांनी दंडात काचेच्या नळीतली चिप बसवून घेतली. ते आले की विभागातली दारं आपोआप उघडत, दिवे लागत. चिप नऊ दिवस ठेवली आणि काढून टाकली. बसवताना डॉक्टर होता, जागा बधिर केली होती, वगैरे किरकोळ तपशील सांगण्याची गरज नाही. त्याने हौशी माणसाचा हिरमोड होतो.

आता तुम्हालाही चिप हवीशी वाटेल. तांदळाच्या जाड दाण्यासारखी असते, दोन मिलिमीटर जाड, बारा मिलिमीटर लांब. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मऊ भागात बसते. हात पुढे केला की दार उघडतं. एकच अडचण, गावच्या घराचं दार उघडायला ते आधी बंद असावं लागतं. आमच्या घराचं पुढलं दार सकाळी पाचला उघडतं ते रात्री जेवणं झाल्यावर लागतं, आणि मधल्या वेळात कुलूप म्हणजे ओटीवर वाती वळत बसलेली आजी. तिची प्रणाली कुठल्याही चिपला फसत नाही. ‘कोणाचो रे तू?’ या प्रश्नाचं उत्तर पटेपर्यंत माणूस पुढे सरकूच शकत नाही.

तर चुंबक. आमच्या भाच्याने ते केलं म्हणून हा अधिकार मला आला. मे महिन्यात पुण्याहून आला तो दहा चुंबकांचं पाकीट घेऊन. शस्त्रक्रिया कुठे करणार? म्हणे, मागल्या पडवीत. बधिर करायला काय? बर्फ. परदेशातही हौशी मंडळी बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून बसतात, कारण भुलीचं इंजेक्शन डॉक्टरशिवाय कुणी द्यायचं नसतं. आमच्याकडे बर्फ होता तो जेटीवरून आणलेला, आदल्या रात्री त्यात सुरमई निजली होती. निर्जंतुक करायला काय? घरात काजूची फेणी होती, पण ती माझ्या मेव्हण्याने आधीच निर्जंतुक करून संपवली.

मी म्हटलं, निदान गाऱ्हाणं तरी घालू. शेजारचे गावकर आले, नारळ ठेवला आणि त्यांनी सूर लावला:

‘बा देवा म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आज ह्या पोरग्यान जां काय लोखंड आपल्या बोटात घालूक घेतलेला आसा, ता बोटातच ऱ्हवांदे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आणि काय वाकडा-तिकडा झालाच, तर पयलो त्या मोबाईलातल्या गुरूक धर, मगे ह्येका धर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ हे सगळ्यात मोठ्याने भाच्याचे वडील ओरडले.

आजी मात्र ओटीवरून हलली नाही. तिचं माहेर रेडीकडचं. म्हणाली, ‘खाणीत काय लोखंड कमी पडला, म्हणान बोटात भरतस? अरे झिला, नाक टोचून घितलस तर निदान चमकी तरी दिसता. ह्यां कोणाक दिसाचा?’

तुमच्या घरची आजी असं काही बोलली तर मनावर घेऊ नका. जुनी माणसं. त्यांना कान टोचायला सोनार लागतो, सोन्याची तार लागते, बाळाचा बारावा दिवस लागतो. सोनंच का, लोखंड का नाही, हे त्यांना विचारायला जाऊ नका. उत्तर देतील.

चुंबक बसलं. पहिला महिना बोट सुजलेलं, मग हळूहळू उतरलं. जूनमध्ये भाचा रडवेला झाला. मुंग्या येईनात. त्याला वाटलं मज्जातंतू मेला. आठ दिवस तो बोट घेऊन घरभर फिरला. मिक्सरला लाव, फ्रिजला लाव, पंपाला लाव. नवव्या दिवशी मी त्याला सांगितलं की आठ दिवस गावात वीजच नाही, वादळात खांब आडवे झालेत. कोकणात हे इंद्रिय घेणाऱ्यांनी इन्व्हर्टरचाही विचार करून ठेवावा.

वीज आली आणि पोरगं हरखलं. बोटाने टाचण्या उचलून दाखवी. एकदा गळ उचलायला गेला. सामान्य माणसाला गळ लागायला मासा व्हावं लागतं किंवा निष्काळजी. याला गळ आपणहून येऊन लागला, तोही त्याच बोटाला.

सरकारी कामांचंही एक सांगून ठेवतो. रेशनच्या मशिनवर अंगठा उठला नाही की दुकानदार म्हणतो, दुसरं बोट लावा. आमच्याकडे काजू सोलणाऱ्या बायकांचे ठसे बियांच्या चिकाने आधीच पुसट झालेले असतात. त्या बिचाऱ्या दहाही बोटं लावून बघतात. तुम्ही त्यातलं एक बोट स्वखुशीने चिरून टाका. दहा आहेतच.

इथवर सगळं हौसेचं. आता गंजाचं बोलू. त्यात आपल्याला कुणी शिकवू नये.

निओडिमियम नाव भारी असलं तरी त्या चुंबकात वजनाने बराचसा ऐवज साधं लोखंडच असतं. वरचा निकेलचा थर शाबूत आहे तोवर सगळं गोड. तो एकदा फुटला की आतला माल भुसभुशीत होतो. आता खारी हवा काय करते ते तुमच्या घरावरचा पत्रा सांगेल, खिडकीचं ग्रिल सांगेल, गाडीचा सायलेन्सर सांगेल. ट्रॉलरवाले पंख्याजवळ जस्ताचा तुकडा बसवतात, पंख्याऐवजी त्याला गंज खाऊ दे म्हणून. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल पाजतात. दरवर्षी, न चुकता. हे सगळं ज्याने लहानपणापासून पाहिलं त्याने स्वतःचं अंग म्हणजे नेमकं काय आहे याचा विचार करू नये, हेच उत्तम. कारण अंग म्हणजे खाऱ्या पाण्याची पिशवी. समुद्रात शंभर भाग पाण्याला साडेतीन भाग मीठ, सलाइनच्या बाटलीत पाऊण-एक भाग. बरंच कमी खारट, पण कायम कोमट, आणि पावसाळ्यानंतर उघडीप नाही.

म्हणून हौशी लोक चुंबकावर सिलिकॉन चढवतात, सोनं चढवतात. क्विन नॉर्टन या अमेरिकी पत्रकार बाईंच्या बोटातही असंच आवरणाचं चुंबक होतं. आवरण फुटलं, बोट बिघडलं, आणि डॉक्टरने काढायला घेतलं तेव्हा चुंबकाचे तुकडे झाले. २००६ साली त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं. अमेरिकेतल्याच टिम कॅनन या ग्राइंडरने २०१३ साली पत्त्यांच्या कॅटाएवढं यंत्र बॅटरीसकट हातात शिवून घेतलं, अंगाचा ताप मोबाईलवर बघायला. तीनेक महिन्यांत ते काढावं लागलं. ताप बघायला आमच्या आईला तळहात पुरतो, पण तिला मोबाईल जोडता येत नाही हे खरं.

तुम्ही या असल्या उदाहरणांनी खचू नका. एमआरआय करायची वेळ आली तर खोलीच्या दारात थोडं थांबा. आत पृथ्वीच्या चुंबकापेक्षा हजारो पटींनी दांडगं चुंबक बसलेलं असतं आणि त्याला तुमच्या बोटातलं हवं असतं. एखाद्या मामाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांच्या पाया पडताना जरा लांबून पडा, आणि आशीर्वाद देताना ते मिठी मारायला आले तर हात पाठीमागे घ्या.

भाद्रपदात, गणपतीला चाकरमानी घरात मावेनात तेव्हा, भाच्याचं बोट पुन्हा सुजलं. आधी लाल, मग वाकेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी बोट बघितलं, मग भाच्याकडे, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडेच जास्त वेळ बघितलं. बोटातला पू स्नायूच्या दोरीच्या नळीत शिरला तर एक-दोन दिवसांत बोट जाऊ शकतं, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हेही विचारलं. आठवेना. चुंबक चिमट्यात अख्खं आलं नाही. काळा चुरा आणि दोन कपऱ्या निघाल्या. त्यांनी त्या लहानशा बाटलीत घालून दिल्या, जसे मूतखडे देतात.

पाकिटातली उरलेली नऊ आजीने ताब्यात घेतली. दोन चुंबकं पोराच्या पोटात गेली तर आतडं मध्ये धरून भोक पाडतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती कुलपाच्या डब्यात असतात. पैकी एक मात्र तिने काठीच्या टोकाला सुतळीने घट्ट बांधून घेतलंय. वाकळ शिवताना सुई पडली की ती बसल्या जागेवरून काठी फिरवते आणि सुई टक्कन येऊन चिकटते. परवा भाचा फोनवर विचारत होता, मुंग्या येतात का गो?

आजी म्हणाली, ‘येतत. मांडी घालून जास्त येळ बसलंय काय पायाक येतत.’