कुन्त्स फॉन डेर रोझेनचं चित्र छिन्नीनं कोरलेलं नाही

लांब दाढीच्या, तलवारधारी माणसाचं एक जुनं छापील चित्र सध्या फिरतंय. सोबतचा दावा असा: ‘हे तांब्यावर छिन्नीनं कोरलं, उंच राहिलेल्या भागावर शाई लावून छापलं, हजारो प्रती हुबेहूब निघाल्या, म्हणून कुठल्याच प्रतीला वेगळं मोल नाही.’ चित्र कुन्त्स फॉन डेर रोझेनचं, म्हणजे पवित्र रोमन सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनच्या विश्वासातल्या माणसाचं. ते डॅनिएल होप्फरनं जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये 1518च्या आसपास केलं. दावा मात्र जवळपास पूर्ण चुकीचा आहे.

‘तांब्यावर छिन्नीनं’: पत्रा लोखंडाचा आहे आणि रेषा आम्लानं खाल्लेल्या आहेत. होप्फर चिलखतांवर नक्षी करायचा, तीच रीत त्यानं छपाईत आणली. पत्र्यावर मेण-राळेसारखा थर द्यायचा, सुईनं तो खरवडून धातू उघडा करायचा, मग आम्ल सोडायचं. अशी रेष बहुधा एकाच जाडीची राहते आणि टोकाला बोथट संपते. तांब्यावरच्या कोरीवकामातही छिन्नी-हातोडी नसते. ब्युरिनची, म्हणजे कोरायच्या टोकदार पोलादी हत्याराची, मूठ तळहातात धरून टोक पुढे ढकलतात आणि वळणासाठी उशीवरचा पत्राच फिरवतात. जोर वाढला की रेष फुगते, सुटला की निमुळती होते. हार्लेमच्या गोल्त्सियस या डच कोरीवकाराचा 1587चा निशाणधारी सैनिक पाहा, निशाणाचं रेशीम तशाच रेषांनी सळसळतं.

‘उंच भागावर शाई’: ही लाकडी ठशाची रीत. इथे नेमकं उलट. शाई खाचांत घासून भरायची, वरचा पत्रा कापडानं आणि तळहाताच्या कडेनं पुसायचा, ओलसर कागद आणि नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) ठेवून रुळांमधून काढायचा. कागद कोरडा असेल तर तो खाचेत उतरत नाही आणि रेषा तुटक येतात. जास्त पुसलं तर उथळ खाचांतली शाईही निघून जाते.

‘हुबेहूब प्रती’: तांबं मऊ, दर दाबाला झिजतं. लोखंड झिजायला चिवट, पण गंजतं. मग छापावर ठिपके आणि डाग उमटतात. होप्फर घराण्याचे 230 पत्रे सतराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या डाव्हिड फुंक या प्रकाशकानं मिळवले, त्यांवर क्रमांक घातले आणि पुन्हा छापले. म्हणून होप्फरची छाप हाती आली की जाणकार आधी तो क्रमांक शोधतात. क्रमांक असेल तर ती छाप होप्फरच्या हयातीतली नव्हे.